वरच्या फळीवरची रोपं

९ जानेवारी

प्रिय मामी,

खोकं बघून घाबरू नकोस. आत माती आहे. ते वर आणून देणारे दाढीवाले दादा आमच्या संशोधन केंद्राच्या दारातून सुटणाऱ्या बसचे ड्रायव्हर आहेत. त्यांची गाडी तुझ्या घराच्या कोपऱ्यावर थांबते, म्हणून मी त्यांना गळ घातली. चहा विचार, पण गप्पांत अडकवू नकोस. खाली बसमध्ये माणसं ताटकळत असतात.

आता कामाचं. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतेस, म्हणून लिहिते.

मी इथे हरभऱ्याच्या रोपांना मुद्दाम रोग लावते. करपा म्हणतात त्याला. एक बुरशी असते, ती पानांवर तपकिरी ठिपके पाडते आणि बघता बघता रोप मान टाकतं. माणसाच्या अंगावर कुणी धावून आलं तर तो पळेल, निदान ओरडेल. झाड बिचारं जागच्या जागी. मग ते आतल्या आत तयारी करतं. पानात काही एन्झाइम वाढतात. एक एन्झाइम पेशींच्या भिंती जाड करायला घेतं, दुसरं उलट बुरशीचीच भिंत कुरतडतं. पानाचा रस काढून त्यात दोन औषधं घातली की रस नारिंगी होतो. जितक्या झपाट्याने होईल तितकी झाडाची लढाई जोरात. हरभऱ्याचा कुठला वाण लवकर सावध होतो, ते मला शोधायचंय. माझा प्रबंध तेवढ्यावर उभा आहे.

पण तुलनेसाठी निवांत रोपं लागतात, बुरशीचं नखसुद्धा न लागलेली. ती इथे वाढवता येत नाहीत. ही बुरशी आमच्या हवेत आहे, नळाच्या शिंतोड्यांत आहे, माझ्या एप्रनवरही असेल. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा निरोगी म्हणून ठेवलेल्या रोपांवर ठिपके आले. आमच्या मॅडम म्हणाल्या, "लांब कुणाकडे तरी वाढवून घे, आणि ही शेवटची संधी समज." जूनच्या सुरुवातीला समितीसमोर उभं राहायचंय. निवांत रोपं नसतील तर तीन वर्षांचं काम केराच्या टोपलीत जाईल.

लांबचं आणि विश्वासाचं म्हटल्यावर मला तुझ्या मागच्या गॅलरीशिवाय काही सुचलं नाही. कुंड्या, भाजून निर्जंतुक केलेली माती, बियाणं, पाण्याची खुणा केलेली बाटली, सगळं खोक्यात आहे. तिथल्या दोन फळ्यांवर कुंड्या मांड. रोज एकेक रोप तपास, मिलमध्ये तू कापडाचे तागे तपासायचीस तसं. एक ठिपका सुटता कामा नये. रोपं वीतभर झाली की दादांकडे दे.

नाही म्हणू नकोस गं. आई-बाबा नोकरीपायी गावोगाव हिंडत होते तेव्हा शाळेची सगळी वर्षं तू मला सांभाळलंस. आता माझ्या रोपांना महिनाभर सांभाळ.

तुझी भिंगरी

१६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र वाचलं. वाचलं म्हणजे काय, अक्षरशः फोडून काढलं. अक्षर आहे की मुंग्यांची रांग? एवढी शिकलीस आणि अक्षर आक्रसत चाललंय. पुढच्या वेळी जाड पेनाने मोठं, मोकळं लिही. कागदाची चिंता करू नकोस, मी पाठवेन.

रोपं पाठवतेय. बारा खालच्या फळीवरची, सहा वरच्या. मधे पुठ्ठा घालून वेगळी ठेवलीत, तू चिठ्ठ्या चिकटवून दिल्या होत्यास तशीच. वरच्या फळीपर्यंत माझा हात पोचत नाही आणि स्टुलावर चढणं मी सोडलंय, गुडघे कुरकुरतात. त्या कुंड्या चढवल्या-उतरवल्या ड्रायव्हरदादांनी. तिथल्यांना लांब नळीच्या झारीने खालूनच पाणी पाजलं. खालच्या बारांना मात्र रोज सकाळी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत तपासलंय. एका पानाला दोष नाही. मिलमध्ये तीस वर्षं माझ्या हाताखालून सदोष तागा पुढे गेला नाही, तुझी रोपं कसली जातायत!

हरभरा इतका आंबट असतो हे मला ठाऊक नव्हतं हं. तपासणी आटोपली आणि चुकून बोट जिभेला लागलं की तोंड वाकडं होतं. बोटाला बारीकशी चीर होती ती अशी चरचरली की मी रोपालाच चार शब्द सुनावले.

पण खरं सांगू? करमायला लागलंय. तुझे मामा गेल्यापासून सकाळी उठून कुणाची विचारपूस करावी असं घरात कुणी नव्हतं. आता बाराजण वाट बघत असतात. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणते, "तुमचा आवाज येतो वरून, पाहुणे आलेत का?" म्हटलं, भाचीची बारा पोरं आलीत. ती बिचारी दोन दिवस विचारात पडली होती.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर टेबल हलतंय असं समज. पाय लावून घ्यायचाय त्याला.

नीट जेवतेस ना? रात्री-अपरात्री त्या प्रयोगशाळेत एकटी बसू नकोस.

मामी

१ मार्च

प्रिय मामी,

बघ, जाड पेन घेतलंय.

रोपं सुखरूप पोचली. दिसायला इतकी गोजिरी की मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवली. त्यांना थोडे दिवस इथल्या बंद कपाटात प्रवासाचा शीण घालवू दिला आणि मग पानांची तपासणी केली. मामी, रस बघता बघता नारिंगी झाला. अठरापैकी बहुतेक रोपं आतून युद्धाला उभी असल्यासारखी. रोग लावलेल्या माझ्या रोपांच्या तोडीस तोड एन्झाइम! आणि रोग कुठे, तर कुठेच नाही. पानं सूक्ष्मदर्शकाखाली घातली, तुकडे बुरशी वाढवायच्या बशीत ठेवले. एकदम स्वच्छ. शत्रूचा पत्ता नाही आणि ही सगळी तलवारी उपसून बसलेली.

मॅडम नाकावरचा चष्मा काढून म्हणाल्या, "तुझ्या मामींनी काहीतरी फवारलंय." मी म्हटलं, मामी असं करणार नाही. पण मग हे झालं कसं? म्हणून विचारते, रागावू नकोस. कीड लागू नये म्हणून राख, साबणाचं पाणी, काही घातलंस का? शिंपीणबाईंनी सुचवलं म्हणून? चांगल्या हेतूने केलं असशील तरी सांग. माझ्या हातात आता जेमतेम एक खेप करायला वेळ उरलाय.

भिंगरी

८ मार्च

भिंगरे,

मी तुझ्या रोपांवर काहीही घातलेलं नाही. राख नाही, साबण नाही, कौतुकसुद्धा बेताचंच. तुझ्या बाटलीत तुझ्या खुणेपर्यंत पाणी, बस्स. तुझ्या मॅडमना सांग, मामी आठवी शिकलेली असेल, पण "हे कर, ते करू नको" एवढं तिला कळतं. आणि त्या शिंपीणबाईला गॅलरीत पाय टाकू दिलेला नाही. ती रोपं बघून लगेच सल्ले द्यायला बसली असती.

झोंबलं मला. तू विचारलंस त्यापेक्षा "चांगल्या हेतूने केलं असशील तरी" असं लिहिलंस, ते झोंबलं. लहानपणी तू कपाटातली कात्री हरवायचीस तेव्हा मी तुझ्याशी याच आवाजात बोलायचे.

परवा चहाचं आधण हातावर आलं. फार नाही, पण उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं. मनाला लावून घेऊ नकोस.

बियाणं पाठव. पुन्हा वाढवीन. ते मात्र मला हवंय.

मामी

२४ मार्च

माझी मामी,

दोन्ही कान धरते. मॅडमनीही माफी मागितलीय. त्यांच्या तोंडून माफी ऐकणं म्हणजे काय, ते तुला इथे येऊन राहिल्याशिवाय कळणार नाही.

चोर सापडला! बसल्या बसल्या मी ते सगळे आकडे पुन्हा मांडले. मागच्या वेळी घाईत "बहुतेक रोपं" म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं होतं. नीट पाहिलं तर तलवारी उपसलेली बाराही खालच्या फळीवरची. वरच्या फळीवरची सहाच्या सहा शांत झोपलेली. माती तीच, पाणी तेच, खोकं तेच, बसही तीच. आधी वाटलं उजेडाचा फरक असेल. मग तुझं आंबट बोट आठवलं. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून आंब पाझरते. बोटं रोज आंबट होतात म्हणजे ती रोज पानांवरून फिरतात, आणि तुझा हात पोचतो तिथवरच फिरतात.

मग मी इथे बंद कपाटात थोडी नवी रोपं घेतली. फार दिवस ती इथे स्वच्छ राहत नाहीत, पण एवढ्या पडताळणीपुरती राहिली. अर्ध्यांना रोज सकाळी बोटांनी कुरवाळलं, अर्ध्यांना नाही. कुरवाळलेल्यांचा रस नारिंगी! झाडाला स्पर्श कळतो, मामी. त्याला वाटतं कुणीतरी अंगावर आलं, कीड असेल, वारा असेल, आणि ते सावध होतं. तुझ्या मायेला ती बिचारी हल्ला समजत होती.

चूक माझीच. ताग्यासारखं तपास, असं मीच लिहिलं होतं. आणि मिलमध्ये तू कशी तपासायचीस ते मला माहीत होतं की! डबा द्यायला यायचे तेव्हा पाहिलंय मी, कापड रुळावरून पुढे सरकतंय आणि तुझी बोटं त्याच्यावरून चाललीयत. मला ताप आला तरी तू थर्मामीटर नंतर लावायचीस, आधी कपाळ, मग मान, मग तळवे. मला काय झालंय ते तुला हातानेच कळायचं. ते आठवून मी कपाटासमोर उभी राहून रडले आणि एक शिकाऊ मुलगी घाबरून पाणी घेऊन आली.

आता दुसरी खेप. बियाणं सोबत आहे. या वेळी दोन्ही फळ्यांवरच्या रोपांना हात लावायचा नाही. कुंडीची कड धर, पान नाही. नुसतं बघायचं आणि मला सांगायचं. जमेल ना? मिलच्या बाईला अवघड आहे, मला माहितेय.

हात कसा आहे? पट्टी निघाली का?

तुझी भिंगरी

२८ एप्रिल

भिंगरे,

पकडलंस बाई. हो, हात फिरवायचे मी. सवयीचा दोष. तीस वर्षं बोटांनी पोट भरलं, ती अशी एका पत्राने थोडीच ऐकणार? पण ऐकलं त्यांनी. या खेपेला एका पानाला धक्का लावलेला नाही. सकाळी गॅलरीत जायचे तेव्हा हात पाठीमागे बांधून उभी राहायचे, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

झाडाला कळतं हे वाचून मात्र कसंतरीच झालं. मी एवढ्या प्रेमाने जवळ जायचे आणि ती दचकायची. चुकलं गं माझं. त्यांना सांग माझ्या वतीने.

रोपं पाठवतेय. वरची-खालची मिळून अठरा. सगळी हिरवीगार आहेत, एकावर ठिपका नाही. या वेळी तरी तुझं काम होऊ दे. समितीच्या दिवशी तो निळा कुडता घाल, त्यात तू शहाणी दिसतेस.

हात बरा आहे. टेबलाचा पाय लावायचा राहिलाच.

मामी

३ मे

मामी,

या पत्रातली अक्षरं मी मुद्दाम इतकी मोठी काढतेय की पानावर चार ओळी बसतायत. खालच्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तू स्वतः वाच, कितीही वेळ लागू दे.

आधी चांगली बातमी. तपासणी झाली. रोपं शांत आहेत. मला हवी होती तशी, अगदी निवांत. मॅडमनी पाठीवर थाप मारली. माझा जीव भांड्यात पडला.

आता दुसरं. तू लिहिलंस अठरा रोपं, सगळी हिरवीगार. मामी, खोक्यात पंधराच रोपं होती. तीन कुंड्यांत नुसती ओली माती होती. एकीत सुकलेल्या काडीचा तुकडा होता, बाकी दोघींत बी उगवलंच नव्हतं. तू महिनाभर त्यांना पाणी घातलंस. आणि पंधरांतली पाच पिवळी पडलीत, जास्त पाण्याने. अशी पिवळी की दारातून दिसतात.

तुला चुकून एखादं सुटलं असतं तर मी हसले असते. पण तुझ्या हातून तीन रिकाम्या कुंड्या सुटणार नाहीत. हात लावला असतास तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी हात लावू नको म्हटलं, आणि तुला काहीच कळेनासं झालं.

मी ड्रायव्हरदादांना गाठलं. ते आधी बोलायला तयार नव्हते. मग म्हणाले, "ताई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मामी दार उघडतात, पण मी बोलेपर्यंत कोण आलंय ते त्यांना कळत नाही. चहाचा कप भरला का ते बोट घालून बघतात."

तुला दिसत नाही का मामी? किती दिसतं? कधीपासून? आणि मी मूर्खासारखी समजत राहिले की तू रोपांचे लाड करतेयस.

मला खरं लिही. दुसरं काही नको.

भिंगरी

९ मे

भिंगरे,

तुझं पत्र मीच वाचलं. भिंगातून एकेक अक्षर लावत. दोन दुपारी लागल्या, म्हणजे मोठ्या अक्षराचा उपयोग झाला. आधीच्या पत्रांना आठवडा लागायचा. एका अर्थी बरं होतं, तुझं एक पत्र मला आठवडाभर पुरायचं.

उजवा डोळा मागच्या वर्षीच गेला. साखरेमुळे आत रक्त झिरपतं म्हणे. डावीकडून ओल्या काचेतून बघावं तसं दिसतं, कडेकडेने. उजेड कळतो, दार कळतं, माणूस उभा आहे एवढं कळतं. चेहरा नाही. फोनची बटणं दिसत नाहीत, म्हणून मी फोन करत नाही. तुला वाटायचं मी रुसलेय. लिहिताना कागदावर लाकडी पट्टी ठेवते आणि तिच्या कडेने पेन चालवते. पट्टी सरकली की ओळी भांडतात. टेबल चांगलं दणकट आहे.

दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, एकापाठोपाठ एक, महिनोन् महिने. तिथल्या बाईने विचारलं, सोबत कोण आहे? म्हटलं, आहे की, येईलच. आणि बाहेर येऊन बसस्टॉपवर बसले. डोळ्यात सुई, भिंगरे! घरी येऊन दाराची कडी लावली आणि पुन्हा गेले नाही. भीती वाटते मला. एवढी मोठी बाई, पण वाटते.

तुला का नाही सांगितलं ते तुला माहीत आहे. तुझी आई आजारी पडली तेव्हा तू एक वर्ष शिक्षण सोडून घरी बसलीस. तिला बरं वाटलं, पण तुझी पहिली प्रयोगशाळा सुटली ती सुटलीच. माझ्यापायी दुसरी सुटायला नको. मी तुझ्या सख्ख्या रक्ताचीही नाही, तुझ्या मामाची बायको. तेवढा हक्क मला नाही.

ती रोपं आली तेव्हा मला वाटलं, हे आपल्याला जमेल, बोटं आहेत ना. आणि जमलंही. पानावरचा धुळीचा कण मला लागायचा. मग तू माझे हात काढून घेतलेस आणि मी नुसती उभी राहिले त्यांच्यासमोर. हिरवीगार आहेत असं मी लिहिलं, कारण ती तशी असावीत असं मला वाटत होतं.

समिती होऊ दे. मग बघू. तू इकडे धावत येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही.

मामी

१४ मे

मामी,

तुझ्या पत्राचा मला आधी इतका राग आला की मी ते टेबलावर आपटलं. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हक्क नाही म्हणालीस तिथे थांबले. मला पहिलीपासून दहावीपर्यंत वेण्या घातल्यास, माझ्या पहिल्या पाळीला तू रजा टाकून घरी थांबलीस, आणि आता रक्ताचा हिशेब मांडतेस? पुन्हा असं लिहिलंस तर मी खरंच बोलणार नाही.

मी तिकडे येत नाहीये. मी आले की तू चहा पाजशील, खोटं हसशील आणि पुढच्या बसने मला परत पाठवशील. म्हणून तूच इकडे ये.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी भेटले. मॅडम सोबत आल्या होत्या. डॉक्टर स्पष्ट बोलतात. म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही. डाव्या डोळ्यात आहे ते राखता येईल, पण याच महिन्यात सुरुवात केली तर. पुढच्या महिन्याचा भरवसा ते देत नाहीत. मी एकवीस तारखेची वेळ घेतलीय. समिती त्यानंतर दोन आठवड्यांनी आहे. म्हणजे मला काही सोडावं लागत नाही. तू आली नाहीस तर मात्र मी सगळं गुंडाळून तुझ्या बंद दाराबाहेर येऊन बसेन, आणि शिंपीणबाई मला जेवायला वाढतील. धमकी समज.

सुई डोळा बधिर करून देतात. मी शेजारी उभी राहीन. मला आत सोडतील का, हाच पहिला प्रश्न मी विचारला होता. सोडतील.

तुझ्या पहिल्या खेपेच्या रोपांचं सांगायचं राहिलंय. चार खालच्या फळीची आणि चार वरची मी बाजूला ठेवून त्यांना बुरशी लावली होती. तुझा हात फिरलेल्यांवर ठिपके कमी पडले, मामी. वरच्या चौघांनी मान टाकली तेव्हा तुझी चौघं अजून उभी होती. हे वाचून तू हरखणार, म्हणून पुढचंही सांगते. बुरशी न लावलेली उरली होती ती बंद कपाटात तशीच वाढू दिली. वरच्या फळीची दोन्ही फुलांनी भरली. तुझ्या हाताखालची खुजी राहिली, बुडखा जाड, आणि आठातल्या तिघांनाच फुलं आली, तीही एक-दोन. मॅडम म्हणाल्या, "सगळी ताकद पहाऱ्यावर गेली, फुलायला उरणार कुठून?" त्या रोपांबद्दल बोलत होत्या. मला तू दिसलीस, दाराला कडी लावून बसलेली. वर्षभर एकटीने पहारा दिलास गं. मला कळू नये म्हणून.

आता दुसऱ्या कुणालातरी जागू दे.

माझी खोली तळमजल्यावर आहे, एक पायरीसुद्धा नाही. तुला तिथेच ठेवून घेईन अशी भीती वाटत असेल, तर शपथेवर सांगते, घराची किल्ली तुझ्याच गळ्यात राहील. इंजेक्शन झालं की घरी जा. पुढच्या इंजेक्शनला परत ये. बस रोज आहे.

तुझी भिंगरी

१८ मे

भिंगरे,

तुझं पत्र शिंपीणबाईकडून वाचून घेतलं. इतकी घाई होती की दोन दुपारी थांबवेना. वेण्यांपाशी ती रडली, मी नाही. पहिल्या पाळीपाशी मी तिला पुढे वाच म्हणाले.

माझी खुजी रोपं टिकली हे ऐकून हरखले, मग फुलांचं तिला दोनदा वाचायला लावलं. त्या तिघांना आलेली फुलं काढू नका, दाणे धरतात का बघा. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. चष्मा काढून बोलणाऱ्या बाईला मी घाबरत नाही, भेटल्यावर सांगेन त्यांना.

मी येते. एकवीसचं आहे तर वीसलाच येते. शिंपीणबाईने दोन साड्या, औषधं आणि भिंग पिशवीत भरलंय. घराची किल्ली तिच्याकडे देतेय. गळ्यात नको, एका माणसाकडे तरी विश्वासाने देऊन बघावी म्हटलं. गॅलरीतल्या फळ्या पुसून कोरड्या ठेवल्यात. भीती गेलेली नाही, ती पिशवीत बसून सोबत येतेय. सुईच्या वेळी मी तुझा हात दाबला तर ओरडू नकोस.

ड्रायव्हरदादा मला त्यांच्या मागच्या सीटवर बसवणार आहेत. म्हणाले, मामी, या वेळी खोकं नाही तर मग गाडी हलकी जाईल. मी म्हटलं, खोक्यापेक्षा मी जड आहे, बघाच तुम्ही. ते वाटेत मला दोनदा चहाला उतरवणार आहेत आणि तुझ्याबद्दल सगळं विचारणार आहेत. मी सगळं सांगणार आहे.

एकच काम कर. गाडी पोचायच्या आधी तू स्टॉपवर येऊन उभी राहा. समोर कोण आहे ते मला दिसणार नाही, तेव्हा लांबूनच मामी म्हणून हाक मार. आणि दाराशी ये. पायरी कुठे संपते ते मला आता कळत नाही. माझा हात धर.

मामी